पळणाऱ्याच्या सोयीची पोलीसगाडी

या सदरांत मीं आजवर व्रतें, वृत्तें आणि क्वचित् वृद्धापकाळ यांविषयीं लिहिलें. आज पोलिसांच्या मोटारगाडीविषयीं, आणि तीही रस्त्यावरील नव्हे तर संगणकाच्या पडद्यावरील, लिहावयाचें योजिलें आहे, हें पाहून कांहीं वाचकभगिनी पान उलटतील. त्यांना माझी विनंति इतकीच कीं, घरांत नुकताच मोटार चालवावयास शिकलेला एखादा मुलगा असेल, तर क्षणभर थांबावें.

नाशिकास अभियांत्रिकीचें शिक्षण घेणारा आमचा नातू दिवाळीच्या सुटींत चांदवडास आला होता. दुपारीं माझ्या वामकुक्षीच्या वेळीं माजघरांतून भोंग्याचा कर्कश आवाज येऊं लागला. प्रथम वाटलें, महामार्गावर कांहीं घडलें. उठून पाहतों तों नातू संगणकापुढें बसलेला, आणि पडद्यावर एक काळीपांढरी मोटार दुसरीच्या मागें सुसाट धांवत आहे. खेळाचें नांव ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’. मोटार चोरण्याच्या गुन्ह्यास अमेरिकेंत जें नांव आहे, तेंच या खेळाला दिलेलें. खेळणारा चोर आणि पोलीस त्याच्या मागावर. इतकें कळतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. पण ज्या पुस्तकावर बंदी घालावयाची तें आधीं स्वतः वाचावें, हा नियम मीं शाळेंत पाळीत आलों होतों. मुलगाही एकोणीस वर्षांचा. हा खेळ सतरा वर्षांखालील मुलांसाठीं नाहीं, हें अमेरिकेंत वेष्टनावरच छापलेलें असतें, त्यामुळें ती सबबही हातीं नव्हती. म्हणून खुर्ची ओढून शेजारीं बसलों. तीन दुपारी बसलों.

वेगाचें चित्र कसें काढावें हा प्रश्न जुनाच आहे. शाकुंतलाच्या पहिल्या अंकांत दुष्यंत रथांतून हरिणामागें धांवतो. पण रंगभूमीवर रथही नाहीं आणि घोडेही नाहींत. कालिदासानें वेगांत डोळ्यांना जें दिसतें तेवढेंच राजाच्या तोंडीं घातलें, आणि रथ उभा राहिला. पडद्यावरही याहून निराळें कांहीं होत नाहीं. मोटार मध्यावर जागच्या जागीं असते; झाडें, खांब, घरें लहानाचीं मोठीं होत अंगावर येतात, आणि पाहणारा खुर्चींत मागें सरतो. हरिण आश्रमाचें आहे असें तपस्व्यांनीं सांगतांच राजा रथ थांबवून बाण उतरवितो, तोही भाग मीं नातवाला मुद्दाम सांगितला. पण त्या वेळीं पाठीमागें अर्धें पोलीसखातें लागलें होतें, ऐकतो कोण!

आतां त्या गाडीकडे वळूं. खेळांतला काळ १९९२ सालचा आहे, आणि ही पोलीसगाडी शेव्हरोले कॅप्रिस या अमेरिकन मोटारीच्या वळणावर काढलेली आहे. खऱ्या कॅप्रिसच्या पोलिसांसाठीं काढलेल्या आवृत्तींत १९९४ ते १९९६ या काळांत ५.७ लिटरचें, २६० अश्वशक्तीचें इंजिन मिळत असे. आपल्याकडे पोलीसठाण्याच्या दारांत उभी दिसणारी बोलेरो ही नाशिकच्याच कारखान्यांत तयार होते. तिच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची शक्ति सुमारें ७५ अश्वांची. कॅप्रिस ही पळणाऱ्यास गांठण्यासाठीं, आणि बोलेरो ही खेड्याच्या वाटेनें कोठेंही पोंचण्यासाठीं. हा फरक येथें नुसता नोंदवून ठेवितों.

नातवानें एक मौज दाखविली. या खेळांतील प्रत्येक वाहनाचा स्वभाव एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहून ठेविलेला असतो. एका वाहनास एक ओळ. त्या ओळींत आंकडे : वजन किती, गुरुत्वमध्य कोठें, चाकांची रस्त्यावरील पकड किती, कमाल वेग किती, ब्रेकचा जोर किती, स्टिअरिंग किती अंशांपर्यंत वळतें. शक्ति पुढच्या चाकांना, मागच्या चाकांना, कीं चारींना, आणि इंजिन पेट्रोलचें कीं डिझेलचें, हें तर एकेका अक्षरानें सांगितलेलें. पाणिनीच्या सूत्रांत आयुष्य घालविलेल्या माणसाला ती ओळ पाहून आनंद झाला, हें कबूल करतों. एक अक्षर बदलावें आणि सगळें रूप बदलावें! गुरुत्वमध्य वर नेला, तर तीच गाडी वळणावर उताणी पडते. नातवानें पोलीसगाडीच्या वजनाचा आंकडा दसपट केला. मग तिच्या वाटेंत येणारीं वाहनें काड्यापेट्यांसारखीं उडूं लागलीं.

मीं विचारलें, “अरे, एका आंकड्यानें पोलिसांची गाडी अजिंक्य होते, तर करणाऱ्यांनीं ती मुळांतच तशी कां केली नाहीं?”

“आजोबा, मग खेळणार कोण?” तो म्हणाला.

या उत्तरानें मला निरुत्तर केलें. ही गाडी पोलिसांच्या सोयीची नव्हेच. ती पळणाऱ्याच्या सोयीसाठीं घडविलेली आहे. ती इतकी वेगवान कीं पळणाऱ्याची छाती धडधडावी, आणि इतकीच कीं त्याला निसटतां यावें. जवळ येते, घासते, वळणावर घसरते, मागें पडते. गुन्हे वाढले कीं पडद्याच्या कोपऱ्यांत तारे वाढतात; तीन ताऱ्यांना हेलिकॉप्टर येतें, सहा ताऱ्यांना लष्कर आणि रणगाडे. पण मोटार रंगाच्या दुकानांत नेऊन रंग बदलून घेतला, कीं थोड्याच वेळांत सर्वांना सर्व गोष्टींचा विसर पडतो. शिवाय रस्त्यांत कोठें कोठें एक खूण तरंगत असते. ती उचलली कीं एक तारा कमी होतो. ही काय म्हणून विचारलें, तर नातू थोडा संकोचून म्हणाला, “लाच.” आणि लाल दिवा तोडल्यास ही गाडी ढुंकूनही पाहत नाहीं! कोणाला धडक दिली तरच तिला कायदा आठवतो.

तिच्या जन्माची हकीकत तर ऐकण्यासारखी आहे. स्कॉटलंडमधील डंडी शहरांत डीएमए डिझाइन नांवाच्या संस्थेंत १९९५ च्या सुमारास ‘रेस एन् चेस’ नांवाचा खेळ घडत होता. त्यांत खेळणारास चोरही होतां येई आणि पोलीसही. पोलीस झाला तर रहदारीचे नियम पाळणें भाग. तें कोणालाच रुचेना. खेळ सोडून द्यावा कीं काय, अशी पाळी आली. अशांत एके दिवशीं आज्ञावलींत चूक झाली, आणि पोलिसांच्या गाड्या खेळणाऱ्याच्या गाडीच्या आरपार जाऊं पाहूं लागल्या. म्हणजेच बेभान होऊन धडका मारूं लागल्या. तपासणाऱ्यांना नेमकें तेंच आवडलें. चुकीचा गुण झाला, पोलीस होऊन खेळण्याची कल्पना मागें पडली, आणि १९९७ सालीं पहिला ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ बाजारांत आला. कर्त्यांपैकीं डेव्हिड जोन्स यांनीं या खेळाचें मूळ ‘पॅकमॅन’मध्यें असल्याचें सांगितलें आहे. १९८० सालच्या त्या जपानी खेळांत एका पिवळ्या तोंडाच्या मागें चार भुतें लागतात. तांबडें भूत तुम्ही असाल तेथें येतें. गुलाबी भूत तुमच्या चार घरें पुढें नेम धरितें. आणि मधून मधून चौघेंही पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्यांत निघून जातात. तेवढ्यांत खेळणारानें दम घ्यावा. पोलीसगाडीची विस्मृति ही अशी वंशपरंपरेनें आलेली आहे.

निराळा प्रयत्न कोणीं केलाच नाहीं असें नव्हे. २००२ सालीं झेक मंडळींनीं काढलेल्या ‘माफिया’ या खेळांत लाल दिवा तोडला किंवा वेगमर्यादा ओलांडली तरी पोलीस दंड करतात, आणि वेग मर्यादेंत राहावा म्हणून एक स्वतंत्र कळ दिलेली आहे. नातवाच्या मित्रांना म्हणे तो कंटाळवाणा वाटला.

येथवर लिहून लेख आटोपणार होतों. परंतु भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं चष्म्याच्या कामासाठीं आम्ही दोघे मोटारीनें मालेगांवास निघालों. नातवाला परवाना नुकताच मिळालेला. चांदवड सोडून राहूड घाटाच्या अलीकडे आलों असूं. गाडी उजव्या बाजूनें चाललेली. तोंच मागून भोंगा ऐकूं आला. मला मोटार चालवितां येत नाहीं, पण इंजिनाचा सूर चढलेला समजतो. मुलाचा उजवा पाय खालीं गेला होता. कांटा ऐंशीच्या पुढें सरकत होता, आणि त्याची नजर आरशांत.

“अरे, डावीकडे घे!” मीं ओरडलों. वर्गांतसुद्धां इतक्या मोठ्यानें कधीं ओरडलों नसेन.

तो दचकला, दिवा दाखविला, डावीकडे सरला. पोलिसांची बोलेरो उजवीकडून पुढें गेली. सगळें मिळून सहा-सात सेकंदांचें काम. पण मुलाचा चेहरा उतरला होता. “आजोबा, मीं मुद्दाम नाहीं केलें,” तो म्हणाला, “पायच गेला.” मीं कांहीं बोललों नाहीं. आणीबाणीच्या वाहनांस वाट न देणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या १९४-ई या कलमानें, २०१९ च्या दुरुस्तीपासून, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊं शकतात. पण तें त्याला परवाना काढतांना ठाऊक झालें असेलच. पायाला ठाऊक नव्हतें.

घाटांत एक कांद्यांचा ट्रक कलंडला होता. गोणी फुटून कांदे रस्ताभर पसरलेले. तीच बोलेरो ट्रकपाशीं नव्हे, तर वळणाच्या बरीच अलीकडे, दिवे लावून रस्त्यांत तिरकी उभी केलेली. एक शिपाई हातवारे करून मागच्या वाहनांना हळू करवीत होता. दुसरा ट्रकच्या चालकाला आधार देऊन कडेला बसवीत होता. ती ७५ अश्वांची गाडी तेथें एक इंचही हलत नव्हती, आणि तिच्या आडोशानें पलीकडचीं चार माणसें सुरक्षित होतीं. आम्ही मुंगीच्या पावलानें शेजारून गेलों. ती तेथें उभी राहण्यापूर्वीं वळणावरून किती वाहनें भरधांव आलीं असतील, आणि आम्हीं अडविलेल्या त्या सहा-सात सेकंदांत किती, याचा हिशेब मुलगा मनांत करीत असावा. मालेगांवपर्यंत तो बोलला नाहीं.

रात्रीं संगणक पुन्हां सुरू झाला. मी मुकाट्यानें शेजारीं जाऊन बसलों. या खेळांत पोलिसांची गाडी मिळवून एक कळ दाबली, तर गुन्हेगाराचा पाठलाग करण्याचें काम मिळतें. त्या दिवशीं त्यानें तेंच घेतलें. पण तेथेंही गांठणें म्हणजे नाहींसें करणें; पंचनामा नाहीं, न्यायालय नाहीं. थोड्या वेळानें त्यानें हात आंखडता घेतला.

“आजोबा, यांतही पोलीस गाडी रस्त्यांत आडवी लावतात. पण ती मला अडवायला. दुसऱ्या कोणाला वांचवायला लावलेली अशी एकही नाहीं.”

“त्या तुझ्या फाइलींत तसा कांहीं आंकडा आहे का, तें पाहा बरें,” मीं म्हटलें.

त्यानें खरोखरच फाइल उघडली, आणि आम्हीं दोघांनीं ती ओळ वजनाच्या आंकड्यापासून पुन्हां वाचावयास सुरुवात केली.