न्हाणीघरातले रंग

फिल्मवर छायाचित्रे काढण्याची हौस हल्ली पुन्हा वाढली आहे. परवा माझ्या गायनवर्गातला एक विद्यार्थी जुना कॅमेरा गळ्यात अडकवून आला. हे नुसते स्मरणरंजन, की याला काही भवितव्यही आहे? याचे उत्तर शोधताना मला संतपूर आठवते.

बीदर जिल्ह्यातले हे गाव माझे आजोळ. तेथे मामा हैद्राबादेहून आणलेली एक्टाक्रोम फिल्म न्हाणीघरात धूत. बंबाचे पाणी बादलीत घेऊन ते ३८ अंशांवर राखणे हे काम माझे. पहिल्या द्रावणाची सहा मिनिटे महत्त्वाची. एकदा वडिलांच्या बैठकीचा रोल धुताना ओसरीवरचा त्यांचा रियाज ऐकत मी रमलो. पाणी निवले आणि साऱ्या स्लाइड काळवंडल्या. स्लाइडला निगेटिव्ह नसते, फिल्म हीच मूळ प्रत. वर्षभरात वडील गेले. मामा मात्र त्या दिवशी एवढेच म्हणाले होते, "पुढचा रोल तूच धू."

कोडॅक्रोम १९३५ साली आली. तिचे रंग देखणे खरे. पण रंग निर्माण करणारी द्रव्ये फिल्ममध्ये नसत, ती धुताना द्यावी लागत. ते घरी जमण्यासारखे नव्हते. २००९ साली उत्पादन थांबले. ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत, कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती. तिनेही २०१० अखेर रोल घेणे बंद केले. आज जुना रोल सापडला, तरी त्यातले रंग बाहेर काढण्याची सोय उरलेली नाही. एक्टाक्रोमही मध्यंतरी बंद पडली होती. २०१८ साली ती परतली, तेव्हा तिला धुणारे हात ठिकठिकाणी शाबूत होते.

वडील दरबारी गवई. संस्थान गेले, तनखा गेला. पण त्यांनी घरी शिष्य बसवले होते, म्हणून गाणे राहिले. ज्यांनी विद्या कोंडून ठेवली, त्यांच्या चिजा त्यांच्याबरोबरच गेल्या. एकाच आश्रयावर जगणाऱ्या कलेचे असेच होते. उटीचा १९६० साली स्थापन झालेला आपला सरकारी फिल्म कारखानाही आज बंद आहे. फिल्म परदेशातून येते, महाग पडते. ती विकत घेणे ही हौस झाली; धुता येणे ही विद्या.

त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "रोल कुठे धुतोस?"

"मुंबईला पाठवतो, सर."

येत्या रविवारी त्याला घरी बोलावले आहे. द्रावणे आणून ठेवली आहेत. पाणी ३८ अंशांवर राखायचे काम त्याचे.