पुढे टॉर्च, पण मागे काय?

अल मनखूलच्या गल्ल्यांत रात्री सायकलवरून बकाला-कॅफेटेरियाची ऑर्डर पोचवणाऱ्या भावांनो, हँडलला एलईडी टॉर्च बांधलात, चांगलं केलंत. फक्त झोत समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका; थोडा खाली, रस्त्यावर पाडा.

पण गाडी मागूनही येते. तिला तुमचा टॉर्च दिसत नाही. मागे लाल दिवा हवाच. दुबईचा नियमही तोच: पुढे पांढरा, मागे लाल, शिवाय हेल्मेट आणि चमकणारं जॅकेट.

सायकल मालकाच्या कामाची, मग दिव्याचा खर्च तुमच्या पगारातून का? कामावरच्या धोक्यापासून बचावाची साधनं देणं 2021 च्या कामगार कायद्यानं मालकावरच टाकलंय. साइटवर आम्ही हेल्मेटचे पैसे मजुराकडून घेत नाही. तुम्हीही दिवा हक्कानं मागा.