कोस्टा रिका आणि आजींचा चौविहार

पुण्यातील एका व्यापारी कुटुंबाने येत्या जानेवारीत कोस्टा रिकाला जाण्याचे ठरविले. उत्तरेस निकाराग्वा, दक्षिणेस पनामा आणि दोन्ही बाजूंना समुद्र, असा हा मध्य अमेरिकेतील छोटा देश. मुलाने बारा दिवसांचा आराखडा आजींसमोर ठेवला. सहासष्ट वर्षांच्या आजींनी एकच विचारले, "तिथे सूर्य किती वाजता मावळतो?"

आराखड्यात रोजचे जेवण सायंकाळी सात वाजता होते. हा देश विषुववृत्तापासून सुमारे १० अंशांवर असल्याने दिवसमानात वर्षभर फारसा फरक पडत नाही. जानेवारीत सूर्यास्त साडेपाच-पावणेसहाला होतो, जूनमध्येही सहाच्या आसपास. म्हणजे चौविहार पाळणाऱ्या व्यक्तीला बाराही दिवस उपाशी झोपावे लागले असते. "आजी घरीच राहतील" असे कोणी बोलले नाही, पण मुलाच्या मनात ते येऊन गेले असावे.

आराखडा नव्याने मांडला गेला. आरेनाल ज्वालामुखी आणि मोंतेवेर्देचे मेघवन नकाशावर शेजारी दिसतात. परंतु सरोवराला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्याने तीन-चार तास लागतात. दोन्ही ठिकाणे एका दिवसात बसविण्याचा हट्ट सोडला, तेव्हाच चार वाजता मुक्कामी पोहोचून स्वयंपाक करण्याची सोय झाली. हॉटेलांऐवजी स्वयंपाकघर असलेली निवासस्थाने घेतली.

अन्नाचा प्रश्न वाटतो तितका अवघड नाही आणि वाटतो तितका सोपाही नाही. भात आणि काळा घेवडा हे तेथील रोजचे अन्न. सकाळी तेच एकत्र परतून 'गायो पिंतो' होते. पण त्यात कांदा असतो, आणि घेवडा कधी डुकराच्या चरबीत, म्हणजे 'मान्तेका'मध्ये, शिजविलेला असतो. 'मांस नको' एवढेच सांगितले तर कोंबडी किंवा मासळी ताटात येऊ शकते. तिकडे ती मांसात धरतीलच असे नाही. युका हा कंद आहे, तोही टाळावा लागतो. अननस, पपई, केळी मात्र मुबलक.

प्रवासाचा मार्गही बदलला. कोलंबिया किंवा ब्राझीलमार्गे गेल्यास पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र मागितले जाऊ शकते, आणि साठीनंतर ही लस डॉक्टरांच्या सल्ल्याविना घेऊ नये. म्हणून युरोपमार्गे जाण्याचे ठरले. व्हिसाचे नियम, वाटेत विमान बदलावयाच्या देशाचेसुद्धा, तिकिटापूर्वी वकिलातीकडून तपासणे हिताचे. दलालाच्या तोंडी आश्वासनावर पैसे भरणे म्हणजे सहीविना हुंडी स्वीकारणे.

डिसेंबर ते एप्रिल हा तेथील कोरडा काळ. मे ते नोव्हेंबर बहुतेक भागांत पाऊस असतो; आपला चातुर्मास त्यातच येतो, त्यामुळे त्या दिवसांचा विचारच झाला नाही.

आजींचे मन वळले ते मात्र निराळ्याच कारणाने. या देशाने १९४८ साली सैन्य बरखास्त केले. युद्धात भाग घेण्यास नकार देणारी क्वेकर पंथाची काही अमेरिकन कुटुंबे त्यामुळेच १९५१च्या सुमारास मोंतेवेर्देत येऊन वसली, आणि पाण्याचे झरे टिकावेत म्हणून डोंगरावरचे जंगल त्यांनी तोडले नाही. २०१२ साली तेथे हौसेच्या शिकारीवर बंदी आली. हे नातवाने वाचून दाखविले, तेव्हा आजींनी तो भाग दुसऱ्यांदा वाचावयास सांगितला.

आता त्यांच्या सामायिकाच्या पुस्तकात एक चिठ्ठी आहे: सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन मान्तेका, सिन सेबोया, सिन आहो. शेवटचे दोन कांदा आणि लसूण. रोज दुपारी त्या ते मोठ्याने म्हणून पाहतात.