चौथा पाय कुठे गेला?

आधीच कबूल करते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ॲम्प्लिफायरला मराठीत 'प्रवर्धक' म्हणतात हे मला गेल्या महिन्यात कळलं. तेव्हा भाषा सांभाळून घ्या, मुद्दा मात्र सोडू नका.

मुद्दा असा की आपण ट्रान्झिस्टरचे तीनच पाय शिकतो. गेट, सोर्स, ड्रेन. चौथा पाय म्हणजे बॉडी. ती सोर्सला जोडायची आणि विसरून जायचं. माझंही तेच झालं. मिनी प्रोजेक्टला ५ गिगाहर्ट्‌झचा ॲम्प्लिफायर केला. सिम्युलेशनमध्ये १५ डेसिबल गेन! अख्ख्या विंगला ग्राफ दाखवून झाला. व्हायवाला सरांनी एवढंच विचारलं, "यात खालचं सिलिकॉन कुठे धरलंय?" मी गप्प.

रात्री ते धरून पाहिलं, तर गेन धाडकन खाली. हिशेब सोपा आहे. चिपवरची तार आणि खालचं सिलिकॉन यांच्यातला कपॅसिटन्स १०० फेम्टोफॅरड धरा. १ किलोहर्ट्‌झला त्याचा रिॲक्टन्स सुमारे १६० कोटी ओहम, म्हणजे वाट बंदच. ५ गिगाहर्ट्‌झला तोच जेमतेम ३१८ ओहम! सिग्नल पुढे जायच्या ऐवजी खाली झिरपतो, हॉस्टेलच्या गच्चीवरच्या पाण्यासारखा.

यावरचा एक इलाज म्हणजे सिलिकॉन-ऑन-इन्सुलेटर. ट्रान्झिस्टरच्या खाली सिलिकॉन डायऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ काचेचाच थर. त्याच्याही खाली जास्त रोधाचं सिलिकॉन घेतलं की गळती आणखी कमी. आज मोबाइलमधले अँटेना स्विच बहुतेक याच तंत्राने बनतात. फ्रान्समधली सॉइटेक ही १९९२ साली निघालेली कंपनी तर मुख्यतः अशा वेफर, म्हणजे नुसती खालची जमीन, बनवून विकते!

पण फुकट काहीच मिळत नाही. हा थर सिलिकॉनच्या मानाने साधारण शंभरपट कमी उष्णता वाहून नेतो. म्हणजे उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखं. पॉवर ॲम्प्लिफायर आतल्या आत तापतो. शिवाय बॉडी कुठेच जोडली नाही तर तिथे चार्ज साचतो आणि थ्रेशोल्ड व्होल्टेज सरकतं. फिरून पुन्हा चौथा पाय!

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, लॅबमध्ये एक प्रॅक्टिकल वाढवा. एकच ॲम्प्लिफायर दोनदा सिम्युलेट करायचा, एकदा खालच्या सिलिकॉनशिवाय, एकदा त्याच्यासकट. खर्च शून्य, वेळ एक दुपार. सिलॅबस भरलेला आहे हे मान्य, पण गेनचे चार ग्राफ काढण्यापेक्षा गेन का पडला हे एकदा कळणं जास्त मोलाचं.

आणि आपणही सीनियरचा रिपोर्ट नाव बदलून देणं थांबवू या. त्यातून ग्राफ मिळतो, कारण मिळत नाही. जर्नलमधली चूक खोडता येते. फॅबला गेलेली चिप खोडरबराने पुसता येत नाही.

माझे व्हायवाचे मार्क गेले ते गेले. ज्युनियर्सचे तरी वाचू देत!