डोंगरात घरं किती, पठार कुणाचं आणि पायवाट कुणाची? सातारा-सांगलीचा पेच समजून घ्या

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासकडे निघालात की रस्त्याच्या कडेला हॉटेलं, रिसॉर्ट आणि 'प्लॉट विकणे आहे'च्या पाट्या दिसतात. त्याच रस्त्यावर पहाटे चालायला आणि धावायला येणारे सातारकर दिसतात, गुरं घेऊन निघालेले गावकरीही दिसतात. पुढे कास तलाव लागतो, जो सातारा शहराला पाणी देतो.

म्हणजे एकाच डोंगरावर तीन हक्क सांगितले जातायत. घर बांधण्याचा, निसर्ग राखण्याचा आणि तिथून चालत जाण्याचा. पहिल्या दोघांवर रोज वाद होतो. तिसऱ्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही.

हा प्रश्न आत्ताच का?

राज्य रस्ते विकास महामंडळाकडे 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाचं नियोजन आहे. २०२४ मध्ये या प्रकल्पातल्या २३५ गावांचा प्रारूप विकास आराखडा पुढे आला. क्षेत्र सुमारे १,१५३ चौरस किलोमीटर. महाबळेश्वर-पाचगणीवरचा ताण कमी व्हावा आणि दुर्गम गावांत रोजगार यावा, हा त्यामागचा युक्तिवाद. जंगल आणि पाणलोटावर नवा ताण येईल, हा पर्यावरण कार्यकर्त्यांचा आक्षेप.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. जावळी आणि पाटणच्या डोंगरी गावांतली तरुण पोरं कामासाठी मुंबई-पुणे गाठतात. दुसरीकडे, २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या पश्चिम घाटाच्या ३९ ठिकाणांपैकी महाराष्ट्रातली चार आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पहिली दोन साताऱ्याच्या पट्ट्यात येतात, तर चांदोलीची एक बाजू सांगलीच्या शिराळा तालुक्याला लागते.

मग बांधकामावर बंदीच आहे का?

नाही. इथेच बराच गैरसमज आहे.

महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ मध्ये 'पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र' म्हणून जाहीर झाला. त्या अधिसूचनेचा गाभा असा: शेती, बागा, हिरवी जमीन दुसऱ्या वापरासाठी बदलायची नाही. पण स्थानिक रहिवासी आणि त्यांची वाढती कुटुंबं यांच्या घरांसाठी मर्यादित जमीन देता येते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या आणि नवं घर हवंय, तर त्याला वाट ठेवलेली आहे. आठवडाभर बंद राहणाऱ्या सेकंड होमसाठी ती नाही.

संपूर्ण पश्चिम घाटासाठीचा केंद्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, वायनाडच्या भूस्खलनाच्या दुसऱ्याच दिवशी. त्यात महाराष्ट्राचं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र आहे. मसुद्यानुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठी बांधकामं आणि मोठ्या टाऊनशिप यांना मनाई आहे. सध्याच्या घरांची दुरुस्ती किंवा विस्तार यावर बंदी नाही.

डोंगरातलं घर हा सुरक्षेचाही प्रश्न आहे

२२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच दिवसांत पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळून माणसं गेली. अशा गावांना सुरक्षित जागी घरं हवीच आहेत. म्हणून 'डोंगरात एकही घर नको' ही भूमिका इथे टिकत नाही. घर कुणासाठी आणि कुठल्या उतारावर, हे दोन प्रश्न आधी विचारावे लागतात. उतार कापून रस्ता काढला, झाडं तोडली, पाण्याचा ओघळ बुजवला, तर धोका खालच्या वस्तीला असतो. वरच्या बंगल्याचा मालक तेव्हा शहरात असतो.

आणि पायवाटेचं काय?

२००१ च्या त्याच अधिसूचनेत एक दुर्लक्षित कलम आहे. नैसर्गिक वारसा म्हणून धबधबे, झरे, देवराया, गुहा यांच्यासोबत 'पॉइंट' आणि फिरण्याच्या वाटाही ओळखून जपायला सांगितल्या आहेत. पर्यटन सुविधांच्या नावाखालीसुद्धा तिथे बांधकामाला प्रोत्साहन द्यायचं नाही, असंही त्यात आहे. म्हणजे वाट हीसुद्धा जपायची गोष्ट आहे, हे सरकारने कागदावर मान्य केलंय.

इतर ठिकाणी काय? गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. पायमार्गाची रुंदी साधारण सव्वाआठ फूट धरतात. अशी वाट कुणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते.

अडचण अशी की डोंगरातल्या कितीतरी वाटा नकाशावर नाहीतच. गुराख्यांची वाट, देवाला जायची वाट, गडावर चढायची वाट या पिढ्यान् पिढ्या वापरात असतात, पण कागदावर नसतात. जमीन विकली जाते, तारेचं कुंपण पडतं, गेट लागतं आणि वाट संपते. ती होती हे सिद्ध करायची जबाबदारी मात्र चालणाऱ्यावर येते.

इंग्लंड-वेल्समध्ये १९४९ च्या कायद्याने स्थानिक प्रशासनाला सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा ठेवावा लागतो. एकदा वाट त्यावर आली की जमीन कुणीही घेतली तरी ती बंद करता येत नाही. ती वळवायची असेल तर रीतसर आदेश लागतो.

वाट खुली म्हणजे सगळ्यांना मोकाट?

तसंही नाही. वासोट्याला जायचं तर बामणोलीहून बोट आणि वनविभागाची परवानगी लागते. पावसाळ्यात ती वाट बंद असते. कासवर फुलांच्या हंगामात शुल्क आहे, रोजच्या पर्यटकांवर मर्यादा आहे आणि आसपासच्या गावांच्या समित्या व्यवस्थापन बघतात. त्यातून गावातल्या लोकांना कामही मिळतं. चांदोलीच्या गाभा क्षेत्रात तर मोकळं फिरणं नकोच, तो वाघांचा प्रदेश आहे. म्हणजे नियमांसह वाट खुली ठेवणं जमतं, आणि ते इथे जमलेलं आहे.

मग तोडगा काय असू शकतो?

जगभर वापरली जाणारी एक पद्धत साधी आहे: घरं मोजकी, ती रस्त्याला आणि गावठाणाला लागून एकत्र, आणि उरलेली जमीन कायमची मोकळी. त्या मोकळ्या जमिनीतून वाट सगळ्यांसाठी. सातारा-सांगलीत हे आणायचं तर तीन गोष्टी लागतील:

- स्थानिकांची घरं आणि सेकंड होम यांना वेगवेगळे नियम.
- तीव्र उतार, झरे आणि पाणलोट आराखड्यातच 'बांधकाम नाही' म्हणून दाखवणं.
- जुन्या वाटांची नोंद, बांधकामाला परवानगी देण्याआधी.

तिसरं काम गावही सुरू करू शकतं. म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन वाटा चालायच्या, मोबाइलवर त्यांची नोंद करायची, ग्रामसभेत ठराव घ्यायचा. प्रारूप आराखड्यावर हरकती आणि सूचना देण्याची तरतूद महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये आहे. तिथे 'आमचा डोंगर वाचवा' एवढंच लिहिण्यापेक्षा गट नंबर, वाटेचा नकाशा आणि ठरावाची प्रत जोडलेली हरकत जास्त वजनदार ठरते.

मंजूर झालेला आराखडा पुढची अनेक वर्षं चालतो. एकदा गेट लागल्यावर वाट परत मिळवायला तहसील ते कोर्ट अशा चकरा माराव्या लागतात. आराखडा कच्चा असताना मात्र ती नकाशावर आणायला एक रेघ पुरते.