मंडालेची पुढची बातमी

रत्नागिरी आणि मंडाले यांचा ऋणानुबंध जुना. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचे राज्य हिसकावून इंग्रजांनी त्याला १८८६ मध्ये इथे आणून ठेवले. याच गावात जन्मलेल्या टिळकांना त्यांनी १९०८ मध्ये मंडालेला धाडले. आपण इथेच थांबतो. मंडालेची पुढची बातमी अशी : जुलै २०१४ मध्ये एका मुस्लिम चहा-दुकानदाराने बौद्ध स्त्रीवर अत्याचार केल्याची खोटी हाकाटी फेसबुकवर उठली, जमाव रस्त्यावर आला, दोन माणसे मारली गेली. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीलाही असला मजकूर तपासायला फेसबुककडे बर्मी जाणणारी माणसे होती अवघी दोन. २०१७ मध्ये त्याच देशातले लाखो रोहिंग्या मुसलमान जीव घेऊन बांगलादेशात पळाले. असला मजकूर रोखायला आपण पुरेसे काही केले नाही, ही फेसबुकची कबुली आली नोव्हेंबर २०१८ मध्ये.

हे दूरचे वाटत असेल तर धुळे जिल्ह्यातला राईनपाडा आठवावा. १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारी टोळी फिरतेय या मोबाइलवरच्या अफवेपायी, भिक्षा मागत आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. अफवेला जात नसते म्हणतात, पण ती चिकटते कोणाला? गाव ज्यांच्याकडे आधीपासूनच संशयाने बघते त्यांना. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली. म्हणजे नळाची चावी कंपनीच्याच हातात होती. ती पिळायला आधी माणसे मरावी लागली.

मग ‘कडक कायदा करा’ ही ओरड सुरू होते. कायदा आहे, आणि तो मोबाइलपेक्षा खूप म्हातारा आहे. टिळकांवर १८९७ मध्ये राजद्रोहाचा खटला झाला आणि पाठोपाठ, १८९८ मध्ये, सरकारने दंड संहितेत कलम १५३अ घातले : समाजासमाजांत वैर पसरवणे हा गुन्हा. हेतू वाचायला निर्मळ. दहा वर्षांनी ते टिळकांनाच लावले. सहा वर्षांच्या काळ्या पाण्यासोबत झालेला एक हजार रुपये दंड या कलमाखालचा. आता तेच भारतीय न्याय संहितेत कलम १९६ म्हणून नांदते आहे.

स्वराज्यातही खोड गेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यावर मुंबई बंद का, असे पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर विचारले, दुसरीने ते ‘लाइक’ केले, दोघींना अटक. त्यात वापरलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. मोठ्यांना बोचलेला शब्द पोलिसांना रातोरात सापडतो. भटक्यांच्या जिवावर उठलेली क्लिप गावोगाव फिरली तरी कुणाला दिसत नाही. म्हणून नव्या कलमाच्या मागणीवर आम्ही सही करणार नाही. आहे ते कलम लावताना एवढेच बघावे, की शब्दांचा मारा खुर्चीवर आहे, की ज्याला उद्या बाजारात गाठून मारता येईल अशा माणसावर. पहिला मारा करणाऱ्याला सोडून द्यावे, शिवराळ असला तरी. दुसरा मारा करणाऱ्याला, तो आपल्या पक्षाचा असला तरी, सोडू नये.

कंपन्यांकडे मागणे वेगळे. मराठी मजकूर तपासायला माणसे किती, तक्रारीला उत्तर किती तासांत, हे त्यांनी दरवर्षी जाहीर करावे. आणि ती माणसे संगमेश्वरी बोली ऐकलेली असावीत; आमच्याकडे प्रेमाचीही सुरुवात शिवीने होते, ते यंत्राला कळायचे नाही.

राहिले वाडीवाडीचे व्हॉट्सअॅप ग्रुप. सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले. योग्यच झाले, नाहीतर शिमग्याच्या पालखीचा ग्रुप चालवायला कुणी उरले नसते. पण मजकूर काढून टाकणे, टाकणाऱ्याला बाहेर काढणे अॅडमिनच्या हातात असतेच, आणि ते करताना गावकीत वाईटपणा येतो. संपादकाला हा वाईटपणा नवा नाही. या दिवाळी अंकासाठी आलेले दोन लेख आम्ही असल्याच मजकुरापायी परत पाठवले. लेखक नाराज आहेत. त्यांनाही अंक पाठवला आहे.