पडद्यावरून पदवीकडे

श्री. रॉनी स्क्रूवाला यांच्या उद्यमशीलतेविषयी आमचा वाद नाही. 1980च्या दशकारंभी मुंबईत केबल दूरचित्रवाणी, 1990 मध्ये यूटीव्ही, पुढे ‘रंग दे बसंती’सारखा (2006) तरुणांच्या संतापाचा चित्रपट, सिनेमाच्या घराण्यांबाहेरून येऊन त्यांनी हे उभे केले. 2012 मध्ये यूटीव्ही डिस्नेच्या ताब्यात गेली आणि 2015 मध्ये ते इंटरनेटवरून शिक्षण विकणाऱ्या ‘अपग्रॅड’चे एक संस्थापक झाले.

चित्रपट नावडला तर प्रेक्षकाचे तिकिटाचे पैसे तेवढे बुडतात. कर्ज काढून घेतलेला अभ्यासक्रम निरुपयोगी ठरला, तर हप्ते मात्र विद्यार्थ्याच्या मानगुटीवर राहतात. परंतु ही बाजारपेठ मुळात निर्माण कोणी केली? प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षे रिक्त ठेवून, तासिका तत्त्वावर महाविद्यालये रेटणाऱ्या शासनांनी, आणि आपले महाराष्ट्र शासन त्यात मुळीच मागे नाही. जानेवारी 2022 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन पदव्यांसाठी अशा कंपन्यांशी ‘फ्रँचायझी’ करार करण्यास विद्यापीठांना मज्जाव केला. ते योग्यच झाले. रिक्त जागांचा प्रश्न त्याने सुटणारा नव्हता.

कार्यकर्त्यांनी एका उद्योजकावर आग पाखडण्यात शक्ती दवडू नये. आपापल्या तालुक्यातील महाविद्यालयांत किती जागा रिकाम्या आहेत याची मोजदाद करावी आणि ती यादी घेऊन उच्च शिक्षणमंत्र्यांच्या दारात बसावे.